बायकांचं गोल्फ आणि दहा फोन

आमच्या घरात हिवाळ्यात दही लागायचं ते मॉड्युलेटरवर. नाशिकची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, रात्री विरजण लावलं तर सकाळी दूध होतं तसंच असायचं. आई मग स्टीलचा डबा फडक्यात गुंडाळून वरच्या खोलीत नेऊन ठेवायची, जिथं चॅनल खाली सोडणारी अण्णांची ही यंत्रं दिवसरात्र गरम असत. अण्णा, म्हणजे माझे वडील, इंदिरानगरातल्या आमच्या भागाचे केबलवाले. मनमाडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं ते बंद करून इकडे आले आणि गच्चीवर डिश उभारल्या. खाली आम्ही राहायचो, वरच्या खोलीत सगळे चॅनल राहायचे. डबा कलंडला तर अर्ध्या इंदिरानगरचे टीव्ही बंद पडतील, असं अण्णा आईला रोज बजावायचे, आणि आई रोज "बरं" म्हणून डबा ठेवायची. गच्चीवर डिशच्या सावलीत तिच्या कुरडया वाळत असत. घराला एक कायमचा गुंजारव होता, पंख्यांचा आणि यंत्रांचा. वीज गेली की तो थांबायचा आणि आम्हा सगळ्यांना एकदम काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

त्या खोलीत एका मांडणीवर छोटे काळेपांढरे टीव्ही ओळीनं लावलेले होते. खाली जाणारं चित्र नीट आहे की नाही ते बघायला. त्यांना आवाज नव्हता. माझं कॉलेज सकाळचं असल्यामुळे दुपारी फोनपाशी बसायचं काम माझ्याकडे आलं. चित्र हलतंय, आवाज खरखरतोय, पोरानं बटण फिरवलं आणि आता सगळं निळं दिसतंय, अशा तक्रारी लिहून घ्यायच्या आणि आमचे लाइनमन बशीरभाई सायकलवर परत आले की त्यांना सांगायच्या. तक्रारी नसतील तेव्हा पुस्तक उघडायचं आणि मांडणीकडे बघत बसायचं. अभ्यास किती झाला ते विचारू नका.

बायकांचं गोल्फ मला तिथं भेटलं. आमच्याकडे खेळांचे दोन चॅनल होते. एकावर क्रिकेट, तो अण्णांचा जीव की प्राण. दुसऱ्यावर उरलंसुरलं सगळं. त्यावर दुपारी तीनच्या सुमाराला कधीमधी एक बाई दिसायची. हातात काठी, डोक्यावर टोपी, संथपणे चालणारी. पाच मिनिटांनी पाहिलं तरी चालतच असायची. मग थांबायची, वाकायची, गवताकडे बघत बसायची, उठायची, आणखी एकदा बघायची. मला आधी वाटलं तिचं काहीतरी हरवलंय. हे काय चाललंय असं अण्णांना विचारलं तर म्हणाले, "गोल्फ." नाशिककराला हा शब्द नवा नाही. गोल्फ क्लब म्हटलं की आम्हाला सकाळी फिरायला जायचं मैदान आठवतं, जिथं सभा होतात, सामने होतात आणि गोल्फ काही होत नाही. तो प्रत्यक्ष खेळतात कसा, हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं.

म्हणून मी स्वतःच शोधायला घेतलं. आवाज नाही, सांगणारं कोणी नाही, पडद्यावर इंग्रजी नावं आणि आकडे. मराठी पेपरात क्रिकेटचं अख्खं पान, गोल्फची एक ओळही नाही, आणि असलीच तर ती पुरुषांची. पुरुषांचा खेळ त्याच चॅनलवर चार चार दिवस सकाळसंध्याकाळ चालायचा. बायकांना तासभर मिळायचा, आणि कुठं क्रिकेटचा जुना सामना दाखवायची हुक्की आली की तो तासही जायचा. असं का, हे मी अण्णांना विचारलं. "वरून जे येतं ते आपण खाली सोडतो," ते म्हणाले. मग वरचे कसं ठरवतात? "लोक बघतात ते दाखवतात." आणि लोकांनी काय बघायचं ते कोण ठरवतं? अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि चहा आणायला पाठवलं.

एक गोष्ट कबूल करते. जवळजवळ महिनाभर मला वाटत होतं की जिच्या नावापुढे उणे आकडा आहे ती हरतेय. यादीत सगळ्यांत वर उणे अकरावाली एक उंच, सावळी बाई होती, आणि मला तिची इतकी दया यायची की तिचा प्रत्येक फटका मी श्वास रोखून बघायची. एवढी मागे पडूनही ती घाबरत नाही, शांतपणे हातमोजा काढते, पाणी पिते, याचं मला फार कौतुक. आज मी पन्नाशीत आहे, आणि पडती बाजू असतानाही शांत राहणाऱ्या बाया मी पुष्कळ पाहिल्यात. पण पहिली पाहिली ती ही, आणि ती तर जिंकत होती.

आता अण्णांच्या एका पद्धतीबद्दल सांगायला हवं. एका चॅनलला एक यंत्र लागायचं आणि यंत्रं मोजकीच होती, त्यामुळे नवा चॅनल घ्यायचा तर जुना एक काढावा लागे. कुठला काढायचा? अण्णांकडे त्याचं उत्तर होतं. भर वेळेला त्या चॅनलची पिन उपटायची आणि फोनपाशी बसायचं. पंधरा मिनिटं. दहा फोन आले तर चॅनल राहिला, नाही आले तर गेला. क्रिकेटची पिन काढली तर हात मागे यायच्या आत घंटी वाजायची. सिनेमांच्या चॅनलला तीन मिनिटं लागत. इंग्रजी बातम्यांना एक निवृत्त डॉक्टर एकटेच दहादहा वेळा फोन करत, म्हणून त्या राहिल्या. अण्णांना या पद्धतीचा अभिमान होता. म्हणायचे, "मोठमोठ्या कंपन्या माणसं पाठवून विचारत बसतात. आपल्याला एक पिन पुरते."

त्या वर्षी भजन-कीर्तनाचा एक चॅनल आला आणि सगळीकडून त्याची मागणी सुरू झाली. गुरुवारी दुपारी अण्णांनी उरल्यासुरल्या खेळांच्या चॅनलची पिन काढली. नेमकं बायकांचं गोल्फ चालू होतं. आम्ही तिघं बसलो, अण्णा, बशीरभाई आणि मी. अण्णांनी चहात खारी बुडवून खाल्ली. वीस मिनिटं झाली. फोन मुका.

"अण्णा, गोल्फ कोण बघणार?" बशीरभाई म्हणाले. "ज्याला आवडतं तो खुद खेळायला जातो. आपल्या लाइनीत तसला एक पण गिऱ्हाईक नाही."

अण्णांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मंजू, तू रोज इथं असतेस. कोणी बघतं का गं हे?"

बशीरभाई हसत होते. "मंजूताई बघत असतील. उद्या काठी आणून देऊ का, ताई?"

मी म्हणाले, "छे, हे कोण बघणार."

एवढंच. सहज तोंडातून निघून गेलं. त्या क्षणी मला माझी लाज वाटली असं नाही, ती संध्याकाळी वाटली, आईनं वाढलेले कुळथाचे शेंगोळे खाताना. गरम वाफ तोंडावर येत होती आणि मला तो चॅनल जाणार म्हणून रडू येत होतं, आणि का रडतेस असं कोणी विचारलं तर सांगता येणार नव्हतं. अण्णांनी ठरवलं होतं, सोमवारी भजनांचा चॅनल तिथं बसवायचा. तोवर होतं ते चालू.

शुक्रवारी चॅनलच्या नव्या क्रमांकांची छापील यादी घरोघर वाटायला मी निघाले. तिसऱ्या गल्लीत एका घराचं दार उघडं होतं आणि आतून एक विचित्र आवाज येत होता. एक माणूस इंग्रजीत कुजबुजत होता. मग शांतता. मग लांबवर थोड्या टाळ्या. मी उंबऱ्यावरच थांबले. टाळ्या पडायची ती लय मला ओळखीची होती, पण तिला आवाज असतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

वैशालीवहिनी मटार सोलत बसल्या होत्या, डोळे टीव्हीवर. त्या दिंडोरीकडच्या, द्राक्षबागायतदाराच्या घरातल्या. लग्न होऊन इकडे आल्याला दोनेक वर्षं झाली होती. नवरा अंबडच्या कारखान्यात. सासरे, आप्पा, रेल्वेत गार्ड होते. ते टीव्हीसमोर आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले असत आणि टीव्ही बंद केला की जागे होत. त्यांच्या कोपराशी, विणलेल्या जाळीच्या रुमालाखाली, फोन.

"वहिनी, तुम्ही हे बघता?"

त्या दचकल्या. मग आप्पांकडे एक नजर टाकून हळू आवाजात म्हणाल्या, "बघते. रोज नाय, लागलं तर. ये, बस की."

मी बसले. वहिनींनी माझ्या मुठीत मनुका ठेवल्या. मी माझ्या त्या सावळ्या बाईबद्दल, बिचारी कशी मागे आहे ते सांगू लागले, तर वहिनी हसू दाबत म्हणाल्या, "अगं मागं कुठं, तीच लय पुढं हाय. जिला कमी फटके लागले ती जिंकती. आमच्याकडं द्राक्षाच्या छाटणीला बा उभा ऱ्हायचा. काडीच्या एका डोळ्यावर दोनदा कात्री लावली की ओरडायचा. एकदाच बघायचं, नीट बघायचं, आन् एकदाच कापायचं. ह्या बाया तेच करत्यात. बघ, कशी काडी निवडावी तशी काठी निवडती."

माझा महिनाभराचा अभ्यास असा पाच मिनिटांत पालथा झाला. मी विचारलं, वहिनींना यात आवडतं काय? मटाराची एक शेंग तशीच हातात राहिली.

"एवढं मोठं हिरवं रान," त्या म्हणाल्या. "आन् ती एकटी चालती. कुठं चालली, किती वेळ लागंल, कोणी विचारत नाय. उलटं सगळे गप उभे. माझी ती तेवढीच येळ." आणि मग, "तो बोलणारा पण बघ, घरात बाळ निजल्यागत बोलतो. आप्पांची झोप मोडत नाय."

मी म्हणाले, काल चॅनल वीस मिनिटं बंद होता, तुम्ही फोन का नाही केला? वहिनींनी जाळीच्या रुमालाकडे पाहिलं. "काय म्हणू फोन करून? गोल्फ लावा म्हणू? हसत्याल लोक. मला वाटलं, काढून टाकलं. काढायचंच असंल कधीतरी." मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "पण तू तर तिथंच बसती ना? तू बघती. मग तू का नाय सांगितलं तुझ्या अण्णाला?"

यादी त्यांच्या हातात देऊन मी उठले.

पण त्यानंतर मी प्रत्येक दारात विचारत गेले, तुमच्याकडे कोणी गोल्फ बघतं का, बायकांचं. पुरुष दार उघडत तेव्हा उत्तर "नाही" यायचं. पाचव्या गल्लीत एका गृहस्थानं नाही म्हटलं आणि त्याच्या पाठीमागून त्याची आई म्हणाली, "बघते ना मी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते हिरवं बरं वाटतं डोळ्यांना." तो मुलगा वळून आईकडे असा बघत राहिला, जणू ती परगावाहून आलीय. दोघी बहिणी ब्लाऊज शिवायच्या, त्यांनी सांगितलं की मालिका लावली तर सुई बोटात जाते, याला सारखं बघावं लागत नाही, टाळ्या वाजल्या की मान वर करायची. एका शाळेतल्या खेळाच्या बाई होत्या. त्यांना सगळे नियम पाठ. चाळीसेक घरांत मला आठजणी सापडल्या, आणि आठहीजणींना वाटत होतं की आपण एकट्याच आहोत.

आजही हे वाद ऐकते. बायकांचे खेळ दाखवत नाहीत, कारण बघणारे नाहीत, असं कोट घातलेले लोक पडद्यावर फार आत्मविश्वासानं सांगत असतात. मला तेव्हा अण्णा आठवतात, चहात खारी बुडवणारे. पद्धत खोटी नव्हती त्यांची. फक्त फोन करणारी माणसंच तिला मोजता येत होती.

शनिवारी मी अण्णांना म्हणाले, पुन्हा एकदा पिन काढा. रविवारी दुपारी, शेवटच्या दिवसाचा खेळ असतो तेव्हा. का, ते सांगितलं नाही, फक्त म्हणाले की आठ घरं मला माहीत आहेत. अण्णा न्यायी माणूस. "काढतो. पण अट तीच. दहा फोन, पंधरा मिनिटं. आणि आधी कोणाला सांगून ठेवायचं नाही." मी कोणाला सांगितलं नाही.

रविवारी खेळ रंगात आला होता. माझी सावळी बाई आणि दुसरी एक छोटीशी, दोघी बरोबरीत, शेवटचे दोन खड्डे उरले होते. अण्णांनी पिन उपटली. मांडणीवरच्या त्या एका चौकटीत मुंग्या आल्या. बशीरभाई शेंगदाणे खात जिन्याच्या पायरीवर बसले. दोन मिनिटांनी घंटी वाजली. शिवणाऱ्या बहिणींपैकी धाकटी. अण्णांनी भुवया उंचावल्या. पाचव्या मिनिटाला पाचव्या गल्लीतला तो मुलगा, "आमची आई विचारतेय" म्हणून. त्यानंतर संध्याकाळचा सिनेमा कुठला, असं विचारणारा एकजण, तो धरला नाही. मग काहीच नाही. गुरुवारी शून्य आले होते, आज दोन, आणि ते दोन केवळ मी विचारत फिरले म्हणून आले होते. दहा मिनिटं झाली.

"दोन," अण्णा म्हणाले आणि भजनांच्या नव्या खोक्याच्या वायरी सोडवायला लागले.

"तीन," मी म्हणाले. "मी बघते."

बशीरभाईंचा शेंगदाणा तोंडाकडे जाता जाता थांबला. अण्णा म्हणाले, "तू? मग गुरुवारी तर..."

"गुरुवारी खोटं बोलले. रोज बघते. महिनाभर बघतेय." माझा आवाज चढला होता. बशीरभाई हसतील अशी वाट पाहिली. ते हसले नाहीत.

अण्णांनी वायर खाली ठेवली, पण मान हलवली. "घरातला फोन धरत नाही, मंजू. घरातल्यांचं ऐकायचं तर तुझी आई म्हणते म्हणून मी निम्मे चॅनल केव्हाच बंद केले असते."

मी जिना उतरले. आई खालून "चप्पल घाल" म्हणाली, तेही ऐकलं नाही. तिसऱ्या गल्लीपर्यंत धावत गेले. वैशालीवहिनी टीव्हीसमोर उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. पडद्यावर मुंग्या. आप्पा डोळे मिटून खुर्चीत.

"आप्पा, एक फोन करू का?" मला धाप लागलेली होती.

डोळे न उघडता ते म्हणाले, "कोणाला?"

"घरी."

"घर तर ह्या मागच्या गल्लीत हाय तुझं."

"हो."

त्यांनी कोपर उचलून बाजूला घेतलं. मी रुमाल सारला आणि आमचाच नंबर फिरवला. पलीकडे अण्णांचा धंद्याचा आवाज, "केबल. बोला."

"मी मंजू. गोल्फ गेलंय."

मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. "मंजू, घरातला फोन धरत नाही म्हटलं ना."

"मी घरात नाहीये."

रिसीव्हर ठेवून द्यावा की काय असं वाटत असताना वहिनींनी तो माझ्या हातून घेतला. आप्पांच्या खुर्चीपासून त्या हातभर अंतरावर उभ्या होत्या. पदर त्यांनी डोक्यावर नीट ओढून घेतला आणि खणखणीत बोलल्या, दिंडोरीत बांधावरून हाक मारावी तशा.

"अण्णा, मी वैशाली बोलते. तिसऱ्या गल्लीतली. कोणाची सून, ते राहू द्या. मी रोज बघते, माझं गोल्फ चालू करा. शेवटचा खड्डा ऱ्हायला असंल आता."

आप्पांनी डोळे उघडले. सुनेकडे पाहिलं. एवढ्या मोठ्यानं बोलताना त्यांनी तिला या घरात कधी ऐकलं नव्हतं. वहिनींचा हात रिसीव्हरवर घट्ट होता. अण्णांनी दहाची अट त्या दिवशी सोडून दिली, भजनांसाठी दुसरं यंत्र जुळवलं आणि तो चॅनल आमच्याकडे पुढे कितीतरी वर्षं राहिला, पण हे सगळं नंतरचं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसलं की मुंग्या विरल्या आणि पडदा एकदम हिरवा झाला.

माझी सावळी बाई चेंडूजवळ उकिडवी बसली होती. खड्डा हातभर लांब. कुजबुजणारा माणूसही गप्प झाला होता. वहिनींच्या हातात रिसीव्हर तसाच, त्यातून अण्णा "आलं का? आलं का चित्र?" विचारत होते. मी टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिले.

मागून खुर्ची करकरली. आप्पा ताठ बसले होते.

"ए पोरी," ते म्हणाले, "बाजूला सरक. दिसत नाय."